दर दोन तासांनी

पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा रात्रीचे आठ.
हातात साहेबांनी लिहून दिलेला कागद :
परिस्थिती नियंत्रणात आहे.
कॅन्टीनमध्ये राईच्या आंबट सुपाचा वास,
भिंतीवर खाणकामगारांची संत बार्बरा,
तिच्याखाली बाकांवर बायका, एक म्हातारा, झोपलेली दोन पोरं.
नियंत्रणात असती तर ही माणसं
नोव्हेंबरच्या थंडीत चपला घालून आली असती का?
कागदाची घडी केली.

म्हणाले, सातशे मीटर खाली छत कोसळलंय.
दिव्यांच्या खोलीत मी स्वतः मोजून आले,
नऊ खुंट्या रिकाम्या आहेत.
(जीव टांगणीला लागतो म्हणतात.
आमच्या सिलेशियात उलटं,
जो दिवा टांगलेला नाही, त्याचा घोर.)
ते जिवंत आहेत का, मला माहीत नाही.
साहेबांनाही माहीत नाही.
दहा वाजता पुन्हा येईन,
सांगण्यासारखं काही नसलं तरी येईन.

दहाला आले. काही नव्हतं, तेच सांगितलं.
बाराला हिल्डा कोपेत्सने विचारलं,
माझा रूफिन कुठल्या बाजूला होता?
शोधून सांगते म्हणाले, वहीत लिहिलं.
सांगते म्हणून न सांगणं हेही खोटंच,
फक्त हप्त्याहप्त्याने दिलेलं.

पावणेदोनला कुणाच्या तरी फोनवर आलं :
ठोकल्याचा आवाज येतोय.
बाकावरून दारात, दारातून रस्त्यावर,
रस्त्यावरून चर्चच्या घंटेच्या दोरीपर्यंत
वाक्याला चार मिनिटं लागली.
पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं
नऊच्या नऊ जिवंत.
घंटा वाजू लागली.

वर धावले. तारेच्या दुसऱ्या टोकाला ओत्मार,
धापा टाकत : आमच्याच पंपाचा पाइप गं,
खडकावर आपटतोय.
साहेब खिडकीशी उभे होते.
खाली बायका एकमेकींच्या गळ्यात.
"सकाळपर्यंत राहू दे, बोगुमिला.
तेवढाच विसावा त्यांना."
माणूस वाईट नव्हता. डोळे लाल होते त्याचे.
मलाही वाटलं, राहू दे,
चार तासांच्या सुखाने कुणाचं काय जातं?
तेवढ्यात दिसली एक पोरगी,
घराकडे पळत निघालेली,
नवऱ्याचे कोरडे कपडे आणायला.

बावीस पायऱ्या आहेत त्या जिन्याला.
माइक घेतला नाही. बाकावर चढले.
म्हणाले, थांबा. तो आवाज पंपाचा होता.
शांतता पसरायला चार मिनिटं लागली नाहीत.
कुणीतरी कप फेकला, खांद्याला लागला.
कुणीतरी माझ्या आईचा उद्धार केला.
मी खाली उतरले नाही.
म्हणाले, चूक आमची. खालची अर्धी गोष्ट
वर सांडू दिली.
यापुढे आधी तुम्हाला,
मग फाटकाबाहेरच्या कॅमेऱ्यांना.
चारला येईन.

चारला आले. हिल्डाला सांगितलं,
रूफिन उत्तरेच्या बोगद्यात होता.
तिने मान हलवली,
जणू तो कुठल्या डब्यात बसलाय
एवढंच तिला हवं होतं.
सहाला आले.
सहा वीसला आले.

वेळ नसताना मी दारात दिसले
तेव्हाच सगळ्यांना कळलं.

तिघे वर आले होते.
बाकीची नावं मोठ्याने वाचली नाहीत.
एकेका बाकापाशी गुडघ्यांवर बसले,
सहा बाक.
"दुर्दैवाने" हा शब्द आणला होता बरोबर,
पहिल्याच बाकापाशी टाकून दिला.
मेला म्हणाले. त्याच्यापाशी ओत्मार आहे म्हणाले.
दोन्ही खरं होतं.

मार्चमध्ये बाजारात हिल्डा भेटली,
बटाट्यांच्या रांगेत.
बोलली नाही.
पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
माझ्या मनगटावरचं घड्याळ
अंगठ्याने एकदा दाबलं
आणि पुढे सरकली.